रिकाम्या डब्याचे वाक्य

ऋताने माझ्या हाती दिलेल्या कागदावर सोळा वाक्ये होती. त्यांपैकी पंधरा मी एका बैठकीत म्हटली. सोळावे वाचले, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचले आणि कागद मांडीवर उलटा ठेवला.

कानांवर चढवलेल्या यंत्रातून काचेपलीकडच्या नदीमचा आवाज आला, "माई, ट्रक गेला. आता शांत आहे. शेवटचं घेऊन टाकू या?"

"थांबा," मी म्हणाले.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर माझ्या नातीची कंपनी आहे. दोन खोल्या, ऋता धरून सहा माणसे, आणि एक कोंदट कोठडी, जिच्या चारही भिंतींना आवाज शोषून घेण्यासाठी जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. खालच्या रस्त्यावर मालमोटारी मागे घेतल्या जातात तेव्हा त्यांचा भोंगा वाजतो; म्हणून दोन भोंग्यांच्या मधल्या शांततेत ध्वनिमुद्रण उरकावे लागते. ऋता ही माझ्या थोरल्या मुलाची मुलगी, वय वर्षे एकोणतीस. ऐरोलीतील भक्कम पगाराची नोकरी सोडून तिने मोबाइलवरचे खेळ तयार करण्याचा उद्योग मांडला, तेव्हा घरात तिच्या बाजूने उभी राहिले ती मी एकटी. तिच्या वडिलांना मी बजावले होते की, आपल्या घराण्यात आजवर सर्वांनी दुसऱ्याच्या सहीखाली काम केले. एकीला स्वतःची सही करू द्या.

नदीम हा तिचा भागीदार, उरणकडच्या खाडीकाठच्या गावचा. यंत्रांतले त्याला सर्व कळते, आणि मला न घाबरणाऱ्या मोजक्या माणसांत त्याची गणना होते. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला होता, "माई, तुमचा आवाज असा आहे ना, की पोरं गेम बंद करायला पण तुमची परवानगी मागतील."

खेळाचे नाव ‘माईंचा भोंडला’. आश्विनात पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी जिची पाळी असेल तिच्या झाकलेल्या डब्यात कोणती खिरापत आहे हे सर्व जणींनी ओळखायचे असते. ऋताने हे सारे जसेच्या तसे फोनमध्ये आणले होते. एक मुलगी कामोठ्यात, दुसरी नागपुरात, तिसरी सातासमुद्रापलीकडे. पडद्यावर मात्र सर्वांचा फेर एकच. फोन हलवला की डबा वाजतो, आणि त्या आवाजावरून खिरापत ओळखायची. ते आवाज माझ्या बेलापूरच्या स्वयंपाकघरातले आहेत. नदीम दोन दिवस ओट्याशी बसून होता. लाडू धपकन आपटतो, चिवडा सळसळतो, खारे दाणे खुळखुळतात, करंज्या एकमेकींना घासतात. शिरा आणि वाटली डाळ मात्र डबा कितीही हलवला तरी बोलत नाहीत. नदीमने त्या शांततेचेही ध्वनिमुद्रण केले, आणि मी हसले तेव्हा म्हणाला, "माई, ही शांतता पण वेगळी असते. भरलेल्या डब्याची."

खेळ फुकट, त्यातील हौस तेवढी विकत. परकर-पोलक्यांचा एक संच, हत्तीच्या अंबारीचा एक, जास्तीच्या गाण्यांचा एक. या संचांना तिकडे पॅक म्हणतात आणि एका पॅकची किंमत वडापावाइतकी असते. मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. जत्रेत पाळण्यात बसायचे पैसे पडतात आणि पाळणा एकदा तरी वर जातो. दिलेल्या पैशांची वस्तू मुलीच्या हातात पडते की नाही, एवढे मी विचारून घेतले होते आणि माझे नाव व माझा आवाज दिला होता. फेर धरा म्हणणारी माई मी. चुकलात तर पुन्हा विचार करा म्हणणारी माई मी. डबा उघडणारीही मीच.

सोळावे वाक्य असे होते: ‘अरेरे! आज डबा रिकामाच निघाला. दुसरा डबा उघडायचा का, बाळ?’

मी कोठडीचे दार उघडून बाहेर आले. ऋता टेबलाशी उभी होती आणि तिच्या शेजारी प्रसाद नावाचा तो गृहस्थ. तिच्या कंपनीत पैसे घालणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा तो प्रतिनिधी. पस्तिशीचा, अदबशीर, बोलताना हात मागे बांधणारा.

"ऋता, हे वाक्य कोणत्या प्रसंगी वाजणार?"

तिने प्रसादकडे पाहिले. तेवढ्यावरूनच मला कळायला हवे होते.

"नवीन पॅक आहे, आजी. खिरापत पॅक. एकोणीस रुपयांत पाच डबे. ज्या दिवशी आपली पाळी नसेल त्या दिवशी पण डबा उघडता येतो. फक्त त्यातले काही... रिकामे असतात."

"काही म्हणजे किती?"

"दहात तीन."

"आणि रिकामा निघाला तर मुलीने काय करायचे?"

"दुसरा उघडायचा," प्रसाद म्हणाला. "मॅडम, सगळ्या गेममध्ये अशी सिस्टीम असते. प्रत्येक वेळी काहीतरी मिळालं तर पोरं दोन दिवसांत कंटाळतात. एखादा रिकामा निघाला की चुटपुट लागते. मग पुढचा उघडतात. हे मी म्हणत नाही, आकडे म्हणतात."

"पोरं म्हणजे कोणत्या वयाची?"

"आठ ते चौदा. मेनली मुली."

"आणि त्यांना ती चुटपुट मी लावायची."

तो गप्प राहिला. बोलण्यात तो कच्चा नव्हता. माझ्यापुढे बोलणे त्याला अशिष्ट वाटले असावे, आणि त्याचे श्रेय मी त्याला देते.

ऋता माझ्याजवळ आली. तिने आवाज खाली आणला. "आजी, गाडीत मी तुला सगळं सांगितलं होतं ना. त्यांच्या पैशांचा दुसरा टप्पा या पॅकवर अडलाय. शुक्रवारी आवाजासकट गेम त्यांच्याकडे गेला नाही, तर पैसे येणार नाहीत आणि दोन महिन्यांनी मी कोणाचा पगार करू शकणार नाही."

"गाडीत रिकाम्या डब्याचे नाव नव्हते."

"नव्हतं." तिने मान खाली घातली नाही, हे मला आवडले. "घाबरले. पण तुझ्या पाठीमागे दुसरी बाई आणून तुझा आवाज काढायला लावणार नव्हते. ते सोपं होतं, आजी. प्रसादनी सुचवलं होतं. मी म्हटलं, माई स्वतः म्हणतील किंवा नाही म्हणतील."

पलीकडच्या टेबलावरून अक्षता उठली. खेळातील चित्रे ती काढते. बारीक चणीची, सदा कानात काहीतरी खुपसलेली मुलगी. ती म्हणाली, "माई, मी तो रिकामा डबा चार वेळा काढला. सारखा चकचकीत होतो. आत काहीतरी चांगलं आहे असंच वाटतं. तुमी सांगा ना, रिकामा डबा नेमका कसा दिसतो?"

तिने ते अगदी सरळपणे विचारले होते. कारागिराने कारागिराला विचारावे तसे.

नाही म्हणणे मला कधी जड गेले नाही. बेलापूरच्या सरकारी कचेरीत अधीक्षक म्हणून मी सव्वीस वर्षे काढली. माझ्या मेजावरून नियमाबाहेरचा कागद पुढे गेला नाही. त्या दिवशीही नुसते ‘नाही’ म्हणून मी घरी जाऊ शकले असते. ऋताने ते मानलेही असते. परंतु सहा जणांच्या पोटावर पाय देणाऱ्या नकाराला कारण जोडावे लागते, आणि ते कारण मी पस्तीस वर्षे कोणालाही, माझ्या यजमानांनासुद्धा, सांगितले नव्हते.

"खुर्ची द्या," मी म्हणाले. नदीमने आपली खुर्ची सरकवली. मी कोठडीच्या उघड्या दाराशीच बसले.

"आम्ही बेलापूरला राहायला आलो तेव्हा आमच्या सेक्टरात सहा इमारती होत्या आणि बाकी चिखल. कोणी साताऱ्याचे, कोणी चिपळूणचे, कोणी गिरगावातून आलेले. कोणाची कोणाशी ओळख नाही. जिन्यात माणसे एकमेकांना वाट देत आणि खाली बघत. म्हणून मी भोंडला सुरू केला. सात मुलींपासून. तिसऱ्या वर्षी एकोणीस झाल्या. एकोणीस मुली म्हटल्या की शिस्त लागते. कोणाची आई भारी खिरापत करी, कोणाची तीनदा करी, कोणाची कधीच नाही. भांडणे होऊ लागली. तेव्हा मी नियम केले. कचेरीतल्या यंत्रावर टंकलिखित करून प्रत्येक घरी प्रत दिली. रोज एका घराची पाळी. पाळी चिठ्ठी टाकून ठरेल. जी मुलगी आपल्या पाळीला खिरापत आणणार नाही, तिने पुढे फेरात उभे राहू नये. खिरापत ओळखता न आल्यास डबा सर्वांसमक्ष उघडावा. असे सहा नियम होते. सर्वांनी वाखाणले."

"तू हे मला सांगितलेलंस," ऋता म्हणाली. "नियमांचं."

"नियमांचे सांगितले. शर्मिलेचे नाही."

खाली मालमोटारीचा भोंगा सुरू झाला. तो थांबल्यावर मी पुढे सांगू लागले.

"आमच्या मागच्या भूखंडावर इमारतीचे काम चालू होते. तिथल्या रखवालदाराची ती मुलगी. नऊ वर्षांची. जतकडची माणसे होती. पहिले दोन दिवस ती कुंपणाच्या पत्र्याशी उभी राहून बघत असे. तिसऱ्या दिवशी मीच तिला हाताला धरून फेरात आणले. हेही सांगते, कारण त्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. तिला सर्व गाणी येत होती. आमच्या मुलींना येत नसलेलीही. आणि मी तिचे नाव चिठ्ठ्यांत घातले. सर्वांना सारखे म्हणून."

"पाळी आली," नदीम हळूच म्हणाला.

"सातव्या दिवशी. आली तेव्हा तिच्या हातात पितळी डबा होता, चिंचेने घासून लखलखीत केलेला. फडक्यात बांधलेला. गाणी झाली. ती मधोमध उभी राहिली आणि तिने डबा हलवला. काही वाजले नाही. मुली म्हणाल्या, शिरा. ती म्हणाली, नाही. वाटली डाळ. नाही. कोणी म्हणाले सांजा, कोणी खरवस, कोणी उकड. जे जे वाजत नाही ते सर्व म्हणून झाले. ती मान हलवत होती आणि हसत होती. तुम्हाला सांगते, ते हसू खोटे नव्हते. इतक्या पोरींनी तिच्याकडे बघत राहावे असे तिच्या आयुष्यात कधी झाले नसेल. शेवटी सगळ्या हरल्या. मग नियमाप्रमाणे डबा माझ्याकडे आला."

मी पाणी मागितले. अक्षताने आणून दिले. मी प्याले आणि पेला हातातच ठेवला.

"सर्वांना वाटले की मला ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी बायकांनी माझी समजूत घातली. बाई, तुम्हाला काय कल्पना? मी तसेच राहू दिले. परंतु डबा हातात घेतला त्याच क्षणी मला कळले होते. पितळेचा जेवढा भार असतो तेवढाच होता. मी संसार केलेली बाई. भरला डबा आणि रिता डबा मला डोळे मिटून कळतो. मी तिच्याकडे पाहिले. तिनेही माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी म्हणू शकले असते की, आज खिरापत ओळखली गेली नाही, ती माईंनी जिंकली, उद्या माईंच्या घरून सर्वांना दुप्पट मिळेल. एक वाक्य पुरले असते. ते मला सुचलेही होते. परंतु नियम माझाच होता, एकोणीस मुली बघत होत्या, आणि एकीसाठी मोडला तर उद्या दुसरी मागेल असे माझ्या मनात आले. मी फडके सोडले आणि झाकण काढले."

प्रसादचे बांधलेले हात सुटले होते.

"मुली आधी हसल्या. लहान मुली हसतातच. मग एकीने विचारले, मग खिरापत कुठे आहे? शर्मिलेने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण नीट बसवले, फडक्याची गाठ मारली आणि गेली. पळाली नाही. चालत गेली. पुन्हा आली नाही. दिवाळीनंतर काम संपले आणि ती माणसे दुसऱ्या कुठल्या साइटवर गेली." मी अक्षताकडे वळले. "तर बाळ, तू विचारलेस, रिकामा डबा कसा दिसतो. तो चकचकीतच असतो. तुझे चित्र बरोबर आहे."

पेला मी खाली ठेवला. ऋता भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी ती पडली की अशी दिसे. रडण्याआधी कुठे लागले ते तपासणारी.

प्रसादने मात्र डोळे पुसले. अगदी उघडपणे, रुमालाने. मग तो दोन पावले पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, मी असं कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगतो." तो थांबला. "माइक चालू होता ना, नदीम?"

नदीमने पडद्याकडे पाहिले. "दार उघडं होतं. आलंय सगळं."

"ऋता, ऐक. चुकीचं समजू नकोस." प्रसाद आता तिच्याकडे वळून बोलत होता, आणि त्याच्या आवाजात कपट नव्हते, असते तर मला सोपे गेले असते. "हे जर आपण घेतलं... शर्मिलाची गोष्ट. मॅडमच्या आवाजात, असंच, काही न कापता. रिकामा डबा निघाला की याचा एक तुकडा ऐकू येईल. पाच रिकामे डबे निघाले की पूर्ण गोष्ट उघडेल. स्टोरी पॅक. पोरी रिकाम्या डब्याची वाट बघतील. म्हणजे मॅडमना जे खटकतंय तेच उरणार नाही. एकोणपन्नास रुपये ठेवलं तरी लोक घेतील. आणि शर्मिला लोकांच्या लक्षात राहील."

मी खुर्चीतून उठले. माझ्या तोंडी शब्द तयार होते. त्या खोलीतील प्रत्येक माणसाने ते मानले असते, हेही मला ठाऊक होते. आजवर माझा शब्द असाच चालत आलेला आहे. परंतु कंपनी माझी नव्हती. दारावरच्या पाटीवर नाव ऋताचे होते, दोन महिन्यांनी त्या पाच जणांच्या डोळ्यांना डोळा द्यायचा होता तो तिला. मी एकदा एकोणीस मुलींच्या देखत माझ्या अधिकाराने निर्णय दिला होता. मी तोंड मिटले आणि पुन्हा बसले.

ऋताने ते पाहिले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मी काही सांगेन याची वाट पाहत होती. मी सांगितले नाही.

"नदीम," ती म्हणाली, "ते रेकॉर्डिंग काढून टाक."

"पंधरा वाक्यं ठेवू ना?"

"पंधरा ठेव. दार उघडल्यापासूनचं काढ. आणि बॅकअपमधलं पण. माझ्यासमोर."

"ऋता," प्रसाद म्हणाला, "शुक्रवार आहे."

"खिरापत पॅक शुक्रवारी येईल तुमच्याकडे. दहाच्या दहा डबे भरलेले."

"मग दुसरा डबा कोण घेईल? दहात दहा भरलेले म्हणजे ते दुकान झालं. त्यात गेम कुठाय?"

"गेम ओळखण्यात आहे. तोच होता आधीपासून. आपण तो विसरून पॅक विकायला लागलो. नाही घेतला कोणी दुसरा तर नाही घेतला."

"मी हे वर सांगितलं तर ते काय म्हणतील तुला माहितीये."

"माहितीये. सांगा."

नदीमने पडद्यावर दोनदा बोट ठेवले आणि खुर्ची फिरवून ऋताला दाखवले. ती वाकून पाहत होती. मला तिकडे पाहावेसे वाटले नाही. प्रसाद फोन घेऊन जिन्यात गेला. वीस मिनिटांनी परत आला तो दारातच थांबला. त्याने सांगितले की पुण्याहून नकार आला आहे. दुसरा टप्पा मिळणार नाही, पहिल्याची परतफेड मागितली जाणार नाही, एवढे त्याला मिळवता आले. ऋताने त्याचे आभार मानले. जाताना त्याने मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, मी मनापासून म्हणत होतो."

"मला कळले," मी म्हणाले. "म्हणूनच बसून राहिले."

परतताना ऋता गाडी चालवत होती. तुर्भ्याच्या पुलाखाली मालमोटारींची रांग होती, आणि आम्ही तिच्यात अडकलो. तिने काच वर केली. बराच वेळ ती नुसती स्टिअरिंगवर बोटे वाजवत होती.

"आजी, तिची आई आली नाही का? आईला कळलं असेलच ना."

मी उत्तर देण्याआधी पुढची मालमोटार दोन हात सरकली, आणि तिने गाडी तेवढीच पुढे घेतली.

"आली. दुसऱ्या दिवशी सकाळी. मी कचेरीला निघत होते. तोच डबा घेऊन आली, भरलेला. जोंधळ्याच्या लाह्या गुळात घोळून त्यांचे लाडू केले होते. म्हणाली, ‘बाई, पोरीनं चुकी केली, पदरात घ्या. आज तिला फेरात हुबी राहू द्या.’"

"मग?"

"मी म्हटले, पाळी कालची होती. आजची पाळी दुसऱ्या घराची आहे."

ऋताने माझ्याकडे वळून पाहिले. मी समोर पाहत राहिले.

"डबा घेतलास?"

"नाही."

मागून कोणी भोंगा वाजवला. ऋताने गाडी पुढे घेतली नाही. मग दचकून घेतली.

"हे तू आत का नाही सांगितलंस?"

"आत जे सांगितले त्याने त्या गृहस्थाचे डोळे भरले. हे ऐकून कोणाचे डोळे भरू नयेत."

तिने ‘जाऊ दे, आजी’ म्हटले नाही. ‘तेव्हाचा काळ वेगळा होता’ असेही म्हटले नाही. माझ्या घरात वाढलेली मुलगी आहे ती. सोयीचे बोलणे तिला मी शिकवलेले नाही. नेरूळ मागे पडले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "त्या बाईचं नाव काय होतं?"

"गोजरा."

तिने मान हलवली. बेलापूरचे वळण आले. माझ्या इमारतीखाली गाडी उभी केल्यावरही तिने चावी फिरवली नाही.

"उद्या अकरा वाजता सगळ्यांना सांगायचंय," ती म्हणाली. "दोन महिने आहेत म्हणून. नदीमला माहीत आहे, बाकीच्यांना तो आकडा माहीत नाही. अक्षतानी नुकतंच घर भाड्याने घेतलंय कामोठ्याला. येशील?"

"बोलायला की बसायला?"

"बसायला."

दुसऱ्या दिवशी मी अकराला दहा मिनिटे कमी असताना तुर्भ्याला पोहोचले. मला टेबलाच्या टोकाची खुर्ची दिली गेली. ती मी नाकारली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. ऋता उभी राहून बोलली. तिने काही लपवले नाही. पैसे किती उरले आहेत, किती आठवडे पुरतील, कोणाला दुसरीकडे काम शोधायचे असेल तर ती स्वतः चार ठिकाणी शब्द टाकेल, सर्व सांगितले. बोलताना ती दोनदा पाणी प्यायली.

अक्षताने कानातले काढून हातात धरले होते. "म्हणजे मार्गशीर्षापर्यंत?"

"साधारण. खेळ चालला तर पुढे. नवरात्रात कळेल."

"आणि नाही चालला तर?"

"तर नाही."

मागे बसलेला एक जण, ज्याचे नाव मला अजून पाठ झालेले नव्हते, चिडून म्हणाला, "एका वाक्यासाठी? चार सेकंदांच्या? माईंनी ते एक वाक्य म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रश्न रास्त होता आणि मला विचारलेला होता. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

"माईंना विचारू नकोस," ऋता म्हणाली. "डबे भरलेले ठेवायचं मी ठरवलंय. जे विचारायचं ते मला विचार."

तो तिला विचारू लागला. त्याच्या घरी आई आजारी होती, बहिणीचे शिक्षण चालू होते, आणि त्याचे प्रश्न पुष्कळ होते. ती एकेकाचे उत्तर देत राहिली. काहींची उत्तरे तिच्यापाशी नव्हती, तसे तिने सांगितले. खाली भोंगे वाजत होते. मी हात मांडीवर ठेवून, सर्व बोलणे संपेपर्यंत, स्टुलावर बसून राहिले.